थिरीच्या हातची मोहिंगा

न्युंट यी बाईंनी दहा दिवसांचं मौन घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. सून थिरीने तर पिशवी इतक्या लगबगीने भरली, की बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"दहा दिवस गप्प राहशील, आई?" लेक हसला.

"एक शब्द जरी निघाला, तर स्वयंपाकघर तुझ्या बायकोचं! मी चुलीकडे फिरकणारसुद्धा नाही," बाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

सगाइंगच्या टेकडीवरच्या साधनाकेंद्रात काम सोपं होतं. श्वासाबरोबर पोट फुगलं की मनात 'फुगतंय' म्हणायचं, ओसरलं की 'ओसरतंय'. मन भटकलं तर त्याचीही नोंद करायची. शेजारची बाई जागची हलेना. 'झोपलीय मेली,' बाईंच्या मनात आलं. लगेच नोंद: 'निंदा, निंदा.' पाचव्या दिवसापर्यंत निंदाच एवढी साचली, की पोटाकडे बघायला सवड उरली नाही.

तिथे शेवटचं जेवण दुपारच्या आत, आणि ते दान करणारं घर स्वतः वाढायला येतं. आठव्या दिवशी वाढायला आली कोण, तर थिरी! मोहिंगाचं मोठं पातेलं घेऊन. माशाच्या रश्शातल्या शेवया, बाईंचा हातखंडा पदार्थ.

"घ्या, आई," दोन्ही हातांनी वाटी पुढे करत ती म्हणाली.

रश्शाला तांदळाऐवजी हरभऱ्याचं पीठ! केळीचं खोड बोटाएवढं जाड! जीभ दातांपर्यंत आली. 'राग, राग.' बाईंनी दुसरा घास घेतला आणि घात झाला. चव उत्तम होती. ती झोपाळू शेजारीणसुद्धा पुन्हा वाटी पुढे करत होती. 'हेवा, हेवा.'

दुपारी साधनेचा हिशोब द्यायला बाई केंद्रातल्या गुरू भंतेंपुढे बसल्या. तेवढं बोलायची मुभा होती.

"सुनेची मोहिंगा माझ्यापेक्षा सरस झाली, भंते. तीस वर्षांत असं कुणाला म्हटलं नाही मी."

"मग मला कशाला सांगता?"

बाई उठल्या. अंगणात थिरी पातेलं घासत होती.

"थिरी, खोड जरा बारीक चिरत जा गं. बाकी माझ्यापेक्षा चांगली झाली."

थिरीच्या हातातली घासणी पडली. "आई! मौन! अजून दोन दिवस होते!"

"मला मोजता येतं. घर तुझं, चूल तुझी. आता तोंड मिटून पातेलं घास."