आळणी चुरमुरे

माझी बायको संयोगिता चिनी मातीचे कप बनवते. थर्माकोलचं नुसतं नाव काढलं तरी तिचं डोकं फिरतं. कपांभोवती खोक्यात जे भरायचं ते मातीत मिसळणारंच हवं, हा तिचा हट्ट. पहिल्यांदा तिने गुऱ्हाळावरची चिपाडं कुटून भरली. कप शाबूत पोचले, पण त्यांच्यासोबत अख्ख्या इस्लामपूरच्या मुंग्याही पोचल्या. माल परत आला.

आता कराडचे लालासाहेब आपल्या भांड्यांच्या दुकानात तिचे कप ठेवायला तयार झाले होते. अट एकच. "येक जरी फुटका निघाला, तर विषय संपला." संयोगिताला हे दुकान काहीही करून हवं होतं. तिची झोप उडाली, आणि तिच्या कुशी बदलण्याने माझीही.

शेवटी तिला चुरमुरे सुचले. हलके, स्वस्त, आणि काम झालं की गाईला घालता येतात. तिने पोतंभर आणले. ते बघून माझी आई, बनुबाई, भडकली.

"परक्याच्या घरी आळणी चुरमुरं पाठवतीस? लोक काय म्हणतील?"

"आत्या, ते खायाचं न्हाईत. कपाला धक्का लागू नये म्हणून हायेत."

"खायाचं न्हाईत तर काय अंगाला लावायचं हायेत?"

सासू-सुनेच्या मधे मी पडत नाही. मला दोघींच्या हातचं जेवायचं असतं.

सकाळी संयोगिता अंघोळ करून येईपर्यंत आईने खोकं भरून चिकटवूनही टाकलं होतं. सुनेला बरं वाटलं. मी ते स्टँडवर पार्सलला दिलं. खोक्याला लसणाचा वास येत होता, पण आमच्या घरात उशीलाही लसणाचा वास येतो.

परत आलो तर संयोगिता कढईकडे बघत उभी.

"आत्या, ही फोडणी कशाची?"

"तुझ्या चुरमुऱ्यांची. तेल, लसूण, शेंगदाणं, चटणी. घराण्याची अब्रू हाय का न्हाई?"

संयोगिता मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं. आईचाही चेहरा पडला, पण कढई घासायला घेऊन तिने तो लपवला.

संध्याकाळी लालासाहेबांचा फोन आला.

"वैनी, येकबी कप फुटला न्हाई बघा."

"पण तेलकट झाले असतील ना?"

"आवं, झालं की! समद्यांनी त्याच कपातनं खाल्लं. भडंग लय भारी. गिऱ्हाईकं मागाय लागलीत. दर आठवड्याला पाठवत जावा."

"आणि कप?" तिने घाबरत विचारलं.

"त्ये तर पायजेतच. पॅकिंगला झ्याक हायेत. पिशवी नको, पुडा नको. फकस्त कप जरा मोठं करा वैनी, भडंग लवकर संपतंय."