बाई दम घ्यायला थांबते तेव्हा

मित्रांनो, आजवर मी जे बोललो ते दुसऱ्यांच्या आवाजात बोललो. कधी गवयाच्या, कधी सतारीच्या, कधी तबल्याच्या. स्वतःचं असं कधी काही सांगितलं नाही. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. आज जे सांगणार आहे ते सांगताना मला बरं वाटणार नाही, तरी सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. फिरणारं जड तबक, त्याला फिरवणारा रबरी पट्टा, एक हलका हात आणि हाताच्या टोकाला सुई, एवढाच माझा संसार. बरीच वर्षं एका साहेबाच्या घरी काढली आणि मग मस्कतच्या जुन्या सामानाच्या बाजारात येऊन पडलो. तिथं मला रोह्याचे जमालभाई भेटले.

जमालभाई तेव्हा मस्कतच्या एका गोदामात नोकरीला होते. बरोबरचे लोक गावी न्यायला ब्लँकेटं आणि घड्याळं घेत. हे मात्र सुट्टीच्या दिवशी शास्त्रीय संगीताच्या तबकड्या शोधत फिरत. कोण गातंय एवढंच ते बघत नसत. ध्वनिमुद्रण कसं झालंय तेही बघत. चांगल्या मुद्रणात तंबोरा कुठे बसलाय आणि गवई मान कुठे वळवतो तेसुद्धा कळतं, असं ते म्हणत. तबकडी घेण्याआधी ती उजेडात तिरकी धरून ओरखडे बघत.

त्या बाजारात माझ्या शेजारी लाल पेटीतला एक देखणा प्लेअर होता. दुकानदार त्याचंच कौतुक सांगत होता. जमालभाईंनी त्याचा हात बोटावर तोलून पाहिला आणि खाली ठेवला. हा हात नव्हे, नांगर आहे, तबकडी नांगरून काढील, असं म्हणाले. मग त्यांनी मला रिकामाच फिरवायला लावला आणि कान जवळ आणला. काहीच वाजत नसताना काय ऐकता, असं दुकानदारानं हसून विचारलं. मशीनचा आवाज येत नाही ना, तेच ऐकतोय, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गप्प राहता येणं हाही माझा गुण आहे.

जमालभाई गावी परतले. रोह्याजवळच्या वरसे गावात त्यांनी घर बांधलं आणि पेणच्या बाजारात रंगांचं दुकान काढलं. मूर्तिकारांना लागणारे रंग, कुंचले, स्पिरिट आणि चपडा तिथं मिळे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. मूर्तीच्या सोनेरी मुकुटाला चकाकी हवी असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळवून वर हात देतात. हे नीट लक्षात ठेवा. लक्षात ठेवायला हवं होतं ते आमच्याच माणसानं, पण ते पुढे येईल.

वरशाच्या घरी माझे चांगले दिवस गेले. मग जमालभाईंकडे नवा प्लेअर आला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ होता, हे मी मान्य करतो. मला माळ्यावर ठेवलं. तिथं पाली माझ्या झाकणावर झोपत. किती पावसाळे गेले ते मोजायचं मी सोडून दिलं.

माळ्यावरून मला खाली आणवलं ते पुंडलिकदादांनी. हे जोह्याच्या त्याच कारखान्यातले. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्यांचा हात असा की दूरदूरचे कारखानदार त्यांच्यासाठी थांबून राहत. रंग घ्यायला दुकानात येता येता त्यांची जमालभाईंशी दोस्ती जमली. एकदा वरशाला गेले असताना त्यांनी पहिल्यांदा चांगली तबकडी ऐकली आणि चहा तसाच निवू दिला. जमालभाईंनी मला पुसलं, पट्टा नवा घातला आणि त्यांच्या हवाली केलं.

जोह्याला प्लॅस्टरची भुकटी सगळीकडे उडते. पुंडलिकदादांनी मागच्या खोलीत माझ्यासाठी काचेची पेटी केली. त्यावर बायजाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या होत्या की गणपतीला उघड्यावर ठेवता नि या पेटाऱ्याला मखर करता. दादा हसले, पण मखर काही काढलं नाही.

दादांचा हात बघून जमालभाई आपल्या तबकड्या धुवायलाही त्यांच्याकडे देऊ लागले. पाण्यात स्पिरिटचे चार थेंब टाकायचे, खारीच्या केसांचा मऊ कुंचला घ्यायचा आणि रेघेरेघेनं फिरवत जायचं. दादा ते काम मूर्तीचे डोळे आखावेत तसं करत. त्या सगळ्या तबकड्या प्लॅस्टिकच्या होत्या. त्यांना कधी काही झालं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. जमालभाईंच्या आईचे वडील मुंबईला सारंगी वाजवत. घरात त्यांना नाना म्हणत. जमालभाई जन्मले त्याच्या आधीच ते गेले. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. पण जुन्या काळी एका गाणाऱ्या बाईंच्या मागे ते एकदा तबकडीवर वाजवून गेले होते. तबकडीवर नाव फक्त बाईंचं होतं. जमालभाईंच्या आई सांगत की त्या गाण्यात एके ठिकाणी बाई दम घ्यायला थांबते, आणि तेवढ्या जागेत आमचे अब्बा बोलतात. जमालभाईंनी सगळ्या तबकड्या जमवल्या त्या आवडीनं, पण शोधत होते ही एकच.

आणि ती मिळाली. कुणा संग्राहकानं कुरिअरनं पाठवली. जमालभाई तेव्हा पाय मुरगळून वरशाला घरी पडून होते. त्यांचा नवा प्लेअर इतकी जुनी, भरभर फिरणारी तबकडी वाजवू शकत नाही. तो वेग फक्त माझ्याकडे आहे, आणि त्यासाठी लागणारी जाड सुई माझ्याबरोबरच्या डबीत आहे. म्हणून पेणच्या दुकानातून पार्सल तसंच जोह्याला आलं. जमालभाईंनी फोनवर बजावून सांगितलं की मी शुक्रवारी नमाज झाल्यावर येतो, तोवर लावू नको, दोघं मिळून ऐकू. दादांनी बरं म्हटलं.

मित्रांनो, मी बरं म्हटलं नव्हतं. मला ती हवी होती. माळ्यावर वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला, जे काम दुसरं कुणी करू शकत नाही ते काम समोर आल्यावर काय होतं, ते तुम्हांला कसं सांगू?

दादांनी पार्सल उघडून तबकडी काढली. काळी, जड, आणि अंगभर पांढरी बुरशी. सुई चालेल की नाही ते बघावं म्हणून त्यांनी जाड सुई बसवली आणि ती माझ्यावर ठेवली. बघावं म्हणून, असं ते स्वतःला सांगत होते. खरखर पुष्कळ होती. तिच्यामागे बाईंचा आवाज दूरच्या शेतातून यावा तसा येत होता. मग बाई थांबली आणि सारंगी आली. आली आणि गेली. दादांनी डोळे मिटले होते. ते पुन्हा सुई ठेवणार होते, पण त्यांना वाटलं, आपण चोरून ऐकतोय. त्यांनी हात बाजूला केला.

आणि तिथंच चांगुलपणा आडवा आला. जमालभाईंना ही खरखर का ऐकवायची? आपण धुऊन ठेवू, स्वच्छ ऐकवू. चार थेंबांनी बुरशी हलेना. म्हणून दादांनी कापूस नुसत्या स्पिरिटमध्ये भिजवला आणि हलक्या हातानं त्याच ऐकलेल्या बाजूवर फिरवला.

ती तबकडी लाखेची होती. त्या काळात सगळ्याच लाखेच्या असत. जो माणूस रोज सकाळी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, त्याच्या मनातही ते आलं नाही. कापूस काळा झाला. दादांना वाटलं, मळ निघतोय. त्यांनी आणखी पुसलं. उजेडात धरली तेव्हा सगळ्या रेघा एकमेकींत गेल्या होत्या, ओल्या मातीवरून हात फिरवावा तशा.

वाळल्यावर त्यांनी ती माझ्यावर ठेवली. काहीतरी उरलं असेल म्हणून. माझी सुई त्या मऊ झालेल्या लाखेत रुतत गेली आणि जे थोडं उरलं असेल तेही मी ओरबाडून काढलं. मला थांबता आलं नाही. फिरवलं की फिरायचं, एवढंच मला येतं. पण त्या नासाडीत माझा वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

दादा जेवायला उठले नाहीत. बायजाबाईंनी येऊन सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोडा नि मोकळे व्हा. कुरिअरमधी फुटली म्हणून सांगा. अशा तबकड्या फुटतातच म्हणं. कोण बघायला आलंय?"

दादांनी तबकडी उचलली आणि ते दाराशी गेले. खाली दगडी पायरी होती. हातातून नुसती सुटायचा अवकाश होता.

"पन मग त्या मानसाला चहा कुठल्या हातानं देनार, ते मला नका इचारू," बायजाबाई मागून म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दादांनी तबकडी परत आणली आणि तिच्या पाकिटात घातली.

शुक्रवारी जमालभाई काठी टेकत आले. धुतलेला सदरा, अत्तर, आणि हातात मिठाईचा पुडा. ते बसायच्या आत दादांनी तबकडी त्यांच्या मांडीवर ठेवली. एकदा बसले असते, हसले असते, तर सांगायचं धैर्य झालं नसतं.

जमालभाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग वास घेतला.

"स्पिरिट?"

"व्हय."

"आमच्याच दुकानचं?"

"तुमच्याच."

"म्हणजे नानांना पुसायला सामान मीच पुरवलं," जमालभाई म्हणाले. ते हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. काठी घेऊन ते बाहेर गेले आणि सुकायला ठेवलेल्या मूर्तींपाशी उभे राहिले. अजून कुणालाच डोळे आखलेले नव्हते. दादा खोलीतच बसून राहिले. त्यांनी माफीसुद्धा मागितली नाही. मागितली असती तर द्यावी लागली असती, आणि तेवढंही ओझं त्यांना समोरच्यावर टाकायचं नव्हतं.

जमालभाई परत आले. तबकडीची दुसरी बाजू लावायला सांगितली. ती शाबूत होती. पण तिच्यावरचं गाणं भरधाव होतं. बाई कुठे थांबतच नव्हती. सारंगी सावलीसारखी मागे पळत होती. शेवटपर्यंत ऐकून जमालभाईंनी विचारलं, "पुंडलिक, खरं सांग. धुवायच्या आधी तू ती बाजू ऐकलीस?"

ही दुसरी चूक सांगायची दादांची तयारी नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एकदाच. तुम्ही नको म्हटलं होतं तरी."

"बाई थांबली तिथं सारंगी आली?"

"आली."

"मग म्हणून दाखव."

दादांना गाणं येत नाही. देवळात आरतीलासुद्धा ते ओठ हलवतात नुसते. त्यांनी तसं सांगितलं. जमालभाई म्हणाले, "आता या दुनियेत ती जागा ऐकलेला तूच एक हायस. तुझ्या गळ्याचं मला काय करायचंय?"

मग दादांनी म्हटली. आवाज फाटत होता, सूर इकडेतिकडे जात होता. जमालभाई मान खाली घालून ऐकत होते. बायजाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

तेव्हापासून पेणला आले की जमालभाई जोह्याला येतात. एखादी तबकडी ऐकतात आणि उठायच्या आधी सांगतात, "आता नानांचं म्हण." दादा म्हणतात. ती शिक्षा आहे की माफी, ते मला अजून कळलेलं नाही. दादांनाही कळलं नसावं. काम करताना ते ती जागा मनातल्या मनात घोटत असतात, निसटू नये म्हणून. आणि घोटून घोटूनच ती बदलू लागली. मला ते कळत होतं, कारण खरी जागा ऐकलेला दुसरा मी आहे. पण माझ्यावर तबकडी नसली की मी मुका.

एकदा दादांनी शेवटी एक सुंदर वळण घेतलं. जमालभाईंचे डोळे भरून आले. दादा आनंदानं लाल झाले आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला.

"भाई," ते म्हणाले, "शेवटचं ते माझं. तबकडीत नव्हतं."

"कळलं मला," जमालभाई डोळे पुसत म्हणाले. "सारंगीला दम घ्यावा लागत नाय. तू त्या वळणाआधी घेतलास. यापुढं आठवतंय तेवढंच म्हण. कमी झालं तरी चालंल."

आणि ते कमी होत गेलं. ज्या सुराची खात्री वाटत नाही तो दादा सोडून देतात. आता थोडेसेच सूर उरले आहेत, एका श्वासात मावतील एवढे. म्हणून झालं की जमालभाई उठतात. मी बाजूला पेटीत असतो आणि पुढचे सूर मला ठाऊक असतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. ती पुसायच्या, घासायच्या, नवी करायच्या आधी ती कशाची बनली आहे ते विचारा. तबकडी कडेनं धरा, उभी ठेवा, उन्हात सोडू नका. आणि माहीत नसेल तर हात मागे घ्या. रागानं मोडलेल्या वस्तू मी फार पाहिल्या नाहीत. पाहिल्या त्या बहुतेक प्रेमानं, घाईत, विचारल्याशिवाय मोडलेल्या. अशा वेळी शिव्या द्यायलाही कुणी उरत नाही, फक्त म्हणून दाखवायला एक माणूस उरतो, आणि त्याला गाता येत नसतं.