आपल्या माणसाचा श्वास

"अहो, कमी करा तो आवाज! खालचं बाळ पुन्हा उठलं," डॉक्टरांची बायको दारातूनच म्हणाली. "इथे काय सगळे बहिरे बसलेत?"

एरवी अशा टोमण्यावर खोली खळखळून हसली असती. आज दातांच्या डॉक्टरांनी रेकॉर्डवरची सुई उचलली आणि चष्मा पुसायला घेतला. निवृत्त नर्स असलेल्या सिस्टर खिडकीबाहेर पाहू लागल्या. टेलरने पँटवरचा नसलेला दोरा काढला. तिघेही एका खुर्चीकडे पाहायचे टाळत होते. त्या खुर्चीत बसलेल्या प्रेसवाल्याला त्यावरूनच सगळे कळले. त्याला तर संगीत आज जरा हळूच वाटत होते.

पत्र्याच्या कारखान्यात त्याने आयुष्यभर प्रेसचे कर्कश यंत्र चालवले होते. आठवड्यातली एक दुपार मात्र इथली. एका जॅझ वादकाचा सॅक्सोफोन ऐकायला हे चौघे तरुणपणापासून जमत. त्या वादकाला त्यांच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते, आणि तो जाऊनही बरीच वर्षे झाली होती. तरी त्यांच्या तोंडी तो 'आपला माणूस'च होता. सूर लावण्यापूर्वी तो घेत असलेला श्वास रेकॉर्डवर ऐकू येई. त्या श्वासासाठी पंखा बंद होई, आवाज बेताचा ठेवला जाई. आवाज वाढवला की जुन्या स्पीकरची घरघर तो श्वास गिळून टाकी.

"कधीपासून?" प्रेसवाल्याने विचारले.

"कधीपासून काय?"

"डॉक्टर, मी काही किडका दात नाही. गोंजारू नका, सरळ सांगा."

सिस्टरच बोलल्या. "मागच्या हिवाळ्यापासून. रेकॉर्ड संपली होती हो, आणि तुमची मान डोलतच होती."

"मग बिघडलं कुठे?" टेलर घाईने म्हणाला. "मला मोठ्यानेच आवडतं."

"गप रे," प्रेसवाला म्हणाला. "इतके महिने तुम्ही श्वासाशिवाय ऐकताय. माझ्यापायी."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कानाचं यंत्र लावून बघा ना," डॉक्टर म्हणाले.

"लेकीने आणलं होतं. त्यातून आपला माणूस पत्रा कापल्यासारखा वाजतो. पत्रा मी पुष्कळ ऐकलाय."

तो उठला. तो निघाला असे वाटून सिस्टर अर्ध्या उभ्या राहिल्या. "अहो, बसा. असं रुसून जायचं वय आहे का आपलं?"

तो दाराकडे गेला नाही. रेकॉर्ड प्लेअरपाशी जाऊन त्याने आवाजाचे बटण पूर्वी असे तिथवर मागे फिरवले. पंखा बंद केला. सुई त्याने कडेच्या पहिल्या रेघेवर अलगद टेकवली आणि जागेवर येऊन बसला.

रेकॉर्ड फिरत होती. त्याच्यापुरती खोली निःशब्द होती. टेलरचा हलता पाय थांबला. डॉक्टरांचे ओठ किंचित उघडले. पुष्कळ दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते दोघे स्पीकरकडे पाहत होते, आणि प्रेसवाला त्यांच्याकडे.

सिस्टरनी डोळे मिटले होते. ते न उघडताच त्यांनी हात पुढे करून त्याचे मनगट धरले आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. थोडा वेळ त्याने तो धरू दिला. पण ठेका देताना त्यांचे अर्धे लक्ष आपल्याकडे लागले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्यांना नीट ऐकता यावे म्हणून त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.