ससाण्याचा ताशी वेग

ससाणा हे आमच्या गेममधलं सगळ्यात लाडकं लढाऊ विमान. कंपनीत माझं काम आकडे भरायचं. कुठलं विमान किती उंच जातं, किती वेगानं, किती कमी जागेत वळतं. ससाण्यापुढे मी ताशी २,३४० किलोमीटर लिहिलं होतं, विमान बनवणाऱ्या कारखान्याच्या माहितीपत्रकातून उचलून. पण खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर एक जण हटून बसला होता. 'जुना पाना' या टोपणनावानं तो रोज लिहायचा, "२,०९०. त्यापुढे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेची कड मऊ पडते."

पोरं त्याची यथेच्छ टिंगल करत. "आजोबा, गोळ्या घेतल्या का?" "आजोबा, तुमच्या सायकलचा वेग सांगताय वाटतं!" तो चिडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

शेवटी साहेबांनी मला बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून गेममध्ये ससाणा उडवायला पैसे लावतोय, विकायलाच काढतोय म्हण. पुरावा आण आणि त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद कर."

"त्याचंच बरोबर निघालं तर?"

"तर असलं रडकं विमान घेणार कोण?"

पुरावा कुठे मिळेल ते मला ठाऊक होतं. माझे बाबा त्याच कारखान्यात, ससाण्याच्या चाचणी विभागात बावीस वर्षं होते. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून मिक्सर खोलून बसलेले. मी फोन पुढे धरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाचलं आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हा काचवाला आहे."

"कोण काचवाला?"

"आमच्यातलाच. काच बसवायचा, तपासायचा. आम्ही सगळे किनार म्हणायचो, 'कड' म्हणणारा हा एकटा." पुन्हा फोनकडे बघून म्हणाले, "जिवंत आहे म्हणजे."

"खरं आहे का त्याचं?"

बाबांनी मिक्सरचं पातं उचललं, परत ठेवलं. "चाचणीला विमान २,०९०पर्यंत गेलं. खाली आलं तेव्हा काचेची किनार बोटानं दाबली तर दबत होती. चार दिवसांनी विकत घेणारे बघायला येणार होते. वरून सांगितलं, गणितानं निघतो तो आकडा लिहा, काच मागाहून सुधारू. दोन सह्या लागायच्या. त्याची आणि माझी."

"मग?"

"त्यानं नाही केली. त्याच्या जागी दुसऱ्याची घेतली."

"आणि तुम्ही?"

"माझी तर आधीच झाली होती." बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "त्याला गोदामात टाकला. वर्षभर खोकी मोजली त्यानं, मग आपणच निघून गेला. मी फोरमन झालो."

"काच सुधारली?"

"कसली सुधारतायत! वैमानिकांना तोंडी सांगून ठेवलं, फार पळवू नका म्हणून."

"बाबा, एवढंच लिहून द्या ना. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"तीस वर्षं चारचौघांत त्याला वेड्यात काढलं मी. आता एका खेळापायी शहाणा ठरवू?"

"खेळापायी नाही. त्याच्यासाठी."

ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी चाचणीचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. गुप्त वगैरे काही नव्हता, गिऱ्हाइकांना वाटायलाच छापलेला. मधोमध २,३४० आणि खाली दोन सह्या, त्यातली झोकदार ती बाबांची.

"हा लाव. तुझे साहेब खूश होतील."

नको म्हणायला हवं होतं. मी पिशवीसकट पर्समध्ये टाकला.

सोमवारी सकाळी नावं काळी करून दाखला पानावर चढवला. सह्या राहू दिल्या, सह्यांशिवाय कुणी मानलं नसतं. तासाभरात पोरं तुटून पडली. "आजोबा, गाशा गुंडाळा आता!" जुना पाना दिवसभर गप्प होता. मी दर पाच मिनिटांनी पान उघडून बघत होते. पाच वाजता त्यानं लिहिलं, "यातली एक सही मी ओळखतो. एका डब्यातून जेवलोय आम्ही. माझं काही म्हणणं नाही." आणि खातं बंद करून टाकलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

मी ऑफिसातून निघतच होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "काही बोलला का तो?"

मी ओळ वाचून दाखवली.

"डबा त्याच्याच घरचा असायचा," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, "आकडा राहिला ना पण?"

"राहिला."

"मग झालं तर."

ससाणा धडाक्यात खपला. त्यानंतर आकड्यांच्या विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव लागलं. रविवारी मी आता बाबांकडे जात नाही. तेही का येत नाहीस म्हणून विचारत नाहीत.