नू-पार-लों, आणि एक पाऊल मागे

मी घाबरले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण कमलेश सर जव्हारभर सांगत सुटलेत, ‘राही घाबरली होती, मीच सावरून घेतलं.’

पाँडिचेरीच्या एका हॉटेलात नोकरी होती. जागा एकच, आणि त्यासाठी लॅपटॉपवर फ्रेंचची तोंडी परीक्षा. सरांच्या जव्हारच्या क्लासातून मी बसले. फ्रेंच क्रियापदं मला बाकावर बसून कधी पाठ झाली नाहीत. आमच्या गावी, पोशेऱ्याला, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालली होती, तिथं आईशेजारी वाकून पाठ केली. उच्चाराच्या एका तुकड्याला एक रोप. नू, पार, लों, म्हणजे ‘आम्ही बोलतो’, तीन रोपं. ईल, पार्ल, ‘तो बोलतो’, दोनच, कारण त्यातली शेवटची अक्षरं नुसती लिहायची, बोलायची नाहीत. क्रियापद संपलं की एक पाऊल मागे. आवणी मागे सरकतच करतात, नाहीतर लावलेलं आपल्याच पायाखाली जातं.

"तुझ्या त्या फ्रेंचनं दोन खाचरं उरकली गं," आई म्हणाली होती.

परीक्षेला सरांनी उभं राहून बोलायला लावलं. पडद्यावरच्या हॉटेलच्या बाई मराठीच होत्या; त्या क्रियापदं विचारत होत्या, मी सांगत होते, आणि पाय आपले मागे निघाले. चौथ्या क्रियापदाला मी दाराशी पोचले. बाईंना ऐकू येईना.

सर लगेच पुढे झाले. हसून म्हणाले, "मॅडम, ही पाड्यावरची मुलं बुजतात. राहू द्या, सोडा तिला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर माझ्या बोलण्यावरून वर्गाला हसवणारा हा माणूस आता माझ्या वतीनं माघार घेत होता. कुणी सांगितलं होतं याला?

"सर, बाजूला व्हा," मी म्हणाले. लॅपटॉपसकट टेबल ओढत भिंतीपाशी नेलं आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिले.

"मॅडम, मी भात लावते. हे सगळं लावता लावता शिकले, म्हणून मागे गेले. पहिल्यापासून विचारा."

त्यांनी वीस विचारली. मी वीसही सांगितली, बोटं टेबलावर रोपं लावत होती.

"छान. कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले.

सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं. मंगळवारी सरांनी क्लासच्या दारावर माझा मोठा फोटो लावला, खाली स्वतःचं नाव. आज जव्हारला गेले आणि सगळ्या वर्गासमोर तो फाडून आणला.