पोटावर नसलेला भुसा

सुताराच्या पाच महिन्यांच्या मुलीला, ठमीला, कशाचंही हसू यायचं. पंखा, शेजारीण, स्वतःच्या पायाचा अंगठा, काहीही चालायचं. चालत नव्हता तो फक्त बाप. आणि उद्यापासून दिवसभर ठमी बापाकडेच राहणार होती, कारण आईची रजा संपली होती. आई बस चालवायची.

"आज ती तुझ्याकडे रमली नाही, तर मी रजा वाढवते," बायको म्हणाली. "माझी बस देतील दुसऱ्या कुणाला. देऊ देत."

हे 'देऊ देत' तिच्या तोंडून किती जड निघालं, ते सुताराने ऐकलं. त्याने कंबर कसली.

दवाखान्यातल्या बाईंनी बाळाशी खेळायचे खेळ कागदावर लिहून दिले होते. पहिला खेळ: टॉवेलमागे तोंड लपवून त्याने मनात तीन मोजले आणि 'भॉक!' केलं. काम तपासायला आलेल्या साहेबासारखी ठमी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने खुळखुळा डावीकडून उजवीकडे अगदी सरळ रेषेत नेला. ठमीने जांभई दिली.

"अरे, पोर आहे ती, फळी नाही!" बायको दारातून ओरडली.

"मग फळीचंच काम करतो," तो वैतागला. "पाळण्याला कठडा लावायचाय. माप तरी घेऊ दे तिचं."

त्याने ठमीला सतरंजीवर उताणं निजवलं, शेजारी टेप पसरला, कानावरची पेन्सिल काढली. पण वीस वर्षांची सवय! माप घेण्याआधी लाकडावरचा भुसा फुंकायचा. तो वाकला आणि ठमीच्या उघड्या पोटावर त्याने जोरात फुंकर मारली. मिशाही टेकल्या.

ठमी खुदकन हसली.

सुतार दचकला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली: पुन्हा.

फुर्रर्र! ठमी खिदळली, टेप लाथेने उडवला, बापाची मिशी मुठीत धरली. "आई गं!" सुतार कळवळला, तर ती आणखीच खिदळली. फुर्रर्र! आता सुतारही हसत होता, नाकातून, डोळ्यांतून, आणि हसता हसता फुंकर निघेना, तर ठमी पोट पुढे करून वाट बघू लागली.

रजा वाढवायचा अर्ज केराच्या टोपलीत टाकून बायको गणवेशाला इस्त्री करायला बसली. बऱ्याच वेळाने तिने आतून विचारलं, "लांबी किती भरली रे?"

"थांब गं!" तो ओरडला. "अजून भुसा आहे!"