इंजिनाचं एरंडेल

गाळणकागदावर टाकलेला बाटलीतला थेंब सुकला, की मधे काही उरत नव्हतं; कडेला फक्त सरबती रंगाचं एक वर्तुळ राहायचं. त्रिवेणीनं पुन्हा नवा कागद घेतला. पुन्हा तेच वर्तुळ, तोच रॉकेलचा वास.

बाटलीवर लिहिलं होतं, 'अमेरिकन फॉर्म्युला. इंजिन आतून स्वच्छ.' बाजार खुला झाल्यापासून हैदराबादेत अमेरिकेहून काहीही येऊ शकत होतं. ही बाटली दिलसुखनगरच्या एका गोदामातून आली होती. थोरले दीर हिम्मतराव यांनी तिची एजन्सी घेतली होती. लेबलवर त्यांना एकच ओळ कमी वाटत होती: 'रसायनशास्त्रज्ञ डॉ. त्रिवेणी यांची शिफारस'. दिवाळीपासून ते विचारत होते आणि दिवाळीपासून ती 'बघू' म्हणत होती.

"भाऊंचं मन कशाला मोडतेस?" नवरा शिवराज म्हणायचा. "नावच तर द्यायचंय."

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं घालवून तिनं दुसरं काही कमावलेलंच नव्हतं.

हिम्मतरावांचं शास्त्र घरगुती होतं. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून ते एरंडेल पाजत. नवी चारचाकी आली, तशी तीही रांगेत लागली. एक बाटली पेट्रोलच्या टाकीत, एक इंजिन ऑइलमध्ये. आणि गाडी नाजूक म्हणून डोस दुप्पट. ऑइल मोजायच्या दांडीवरच्या खुणेच्या ते बरंच वर गेलं. जानेवारीत गाडी निळा धूर ओकू लागली.

"बघ, जुनी घाण पडायली बाहेर!" हिम्मतराव खूश होते.

"भाऊजी, गाडी दिवाळीत घेतलीय."

"आईच्या पोटातूनच घेऊन आली असेल की!"

योग्य द्रव्य योग्य प्रमाणात घातलं तर व्हॉल्व्हवर थर साचत नाही, हे त्रिवेणीला मान्य होतं. त्यावर तिनं आनंदानं सही केली असती. पण आधी ते द्रव्य बाटलीत सापडायला हवं होतं; सापडलं होतं ते नुसतं रंगवलेलं रॉकेल.

नामपल्लीच्या प्रदर्शनात हिम्मतरावांनी स्टॉल घेतला. उद्घाटनाला घरचे सगळे हजर. गर्दी जमण्याआधी हिम्मतरावांनी एक स्पार्क प्लग चिमणीच्या ज्योतीवर धरून काळा केला. मग लोकांसमोर तो बाटलीतल्या द्रवात बुडवून पांढराशुभ्र बाहेर काढला. टाळ्या पडल्या. चिमणीची काजळी पदरानंही पुसली गेली असती. इंजिनात भाजून बसलेला कार्बन असा निघत नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष मांडलेल्या बाटल्यांकडे गेलं. नवी लेबलं. त्यांवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. तिनं एक बाटली उचलली.

"छापून टाकलं," हिम्मतराव हळूच म्हणाले. "आपल्या घरच्या बायका हो कुठं म्हणतात? बघू म्हणलीस, म्हणजे हौच."

समोर हातात हेल्मेट घेतलेले एक म्हातारे गृहस्थ लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. "डॉक्टरसाब कौन हैं?"

"ये हैं ना, हमारे घर की बहू!" हिम्मतरावांनी तिला पुढे केलं.

"मॅडम, आप खुद डालते क्या अपनी गाडी में?"

शिवराज एकाएकी मंडपाचं छत न्याहाळू लागला. हिम्मतराव हसतच होते. "सांग की, त्रिवेणी."

"मैं नहीं डालती," ती म्हणाली. मग हातातली बाटली टेबलावर ठेवून दिराकडे वळली. "आणि भाऊजी, माझं नाव या बाटलीवर राहणार नाही."